न आठवणाऱ्या भिंती

दोन वर्षांच्या मुलाची खोली रंगवायची असते तेव्हा मत देणारे पुष्कळ असतात. ज्याच्यासाठी ती रंगवायची, त्याला मात्र त्या चर्चेत स्थान नसते, आणि ते असण्याचा संभवही नसतो. त्याच्यापुढे शेडकार्ड ठेवले तर ते उलगडते, मिटते आणि अखेर तोंडात जाते. त्यावरून त्याची अभिरुची ओळखू पाहणे म्हणजे मोठ्यांनी स्वतःशीच खेळणे होय. ही निवड स्वभावतःच दुसऱ्याच्या वतीने केलेली असते. अशी वेळ आयुष्यात इतरत्रही येते. वृद्ध वडील बेशुद्ध असताना त्यांच्या शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर आपण सही करतो. पण तेथे त्यांच्या सत्तर वर्षांच्या आवडीनिवडी, त्यांचे आग्रह, त्यांची भीती आपल्याला ठाऊक असते. ते शुद्धीवर असते तर काय म्हणाले असते, याचा अंदाज बांधता येतो. बालकाच्या बाबतीत असे मागे वळून पाहण्याजोगे काही नसते. निर्णय पूर्णतः आपला असतो, आणि त्याची जबाबदारीही.

माझ्या मुलाने ठाण्यात घेतलेल्या घरात नातीसाठी एक खोली ठेवली आहे. घर नवे नाही. सुमारे तीस वर्षांपूर्वीच्या इमारतीतले, आधीच्या मालकाकडून घेतलेले आहे. माझी सारी नोकरी इमारतींच्या देखभाल-दुरुस्तीत गेल्यामुळे भिंतींविषयी काही निघाले की प्रश्न माझ्याकडे येतो. मुलाला एका भिंतीवर ग्रह, तारे आणि रॉकेट यांचा वॉलपेपर हवा होता. सूनबाईंच्या मनात फिकट हिरवा रंग होता. नात्यातल्या मंडळींनी गुलाबी रंग गृहीतच धरला होता. त्यांच्या दृष्टीने प्रश्न फक्त गुलाबीची छटा कोणती, एवढाच होता. “बाबा, तुम्हीच काय ते सांगा,” असे सूनबाई म्हणाल्या तेव्हा मी पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहिला. ती ओलसर होती. रंगाविषयी मत देण्याचे मी तेवढ्यापुरते टाळले.

माणसाची पहिली टिकाऊ आठवण साधारणतः तीन ते साडेतीन वर्षांच्या वयातली असते, असे स्मृतीच्या अभ्यासकांचे निरीक्षण आहे. त्याआधीचे म्हणून आपण जे सांगतो ते बहुधा घरच्यांकडून ऐकलेले किंवा छायाचित्रात पाहिलेले असते. तेव्हा ज्या खोलीसाठी आम्ही एवढी चर्चा करीत होतो, ती आज जशी सजेल तशी माझ्या नातीला पुढे आठवणार नाही. त्यात आणखी एक गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप हवी. शयनगृह म्हणून सजवलेल्या खोलीतला त्याचा बहुतेक काळ डोळे मिटलेल्या अवस्थेतच जायचा. मग ही सजावट कोणासाठी, हा प्रश्न टाळता येत नाही.

ती आपल्यासाठी असते, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. माझे बालपण नायगावच्या बीडीडी चाळीत गेले. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या त्या चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तीत आजी, आईवडील, एक काका आणि आम्ही भावंडे राहत होतो. भिंतीला खालून छातीच्या उंचीपर्यंत गडद तेली रंग आणि त्याच्या वर नीळ घातलेली चुन्याची सफेदी, ही तेथली सार्वत्रिक रंगयोजना होती. खालचा रंग मळ दिसू नये म्हणून निवडलेला असे. आमच्या घरातला रंग मळाने ठरवला होता, असेही म्हणता येईल. एका भिंतीशी दिवसभर वळकट्या रचलेल्या असत, दुसरीवर देवाची फळी आणि दिनदर्शिका, तिसरीवर कपड्यांची दोरी. ‘मुलांची खोली’ ही कल्पनाच कोणाच्या मनात नव्हती. त्या जीवनाविषयी हळवेपणाने लिहिण्याची प्रथा आहे. ती मला फारशी मानवत नाही. माणसांची जवळीक तेथे होती, तसाच रॉकेलच्या स्टोव्हचा धूर होता, आणि एकाला क्षय झाला की साऱ्या खोलीने तो श्वासात घ्यायचा, हेही होते. ज्यांनी हे अनुभवले, त्यांनी आपल्या नातवंडांसाठी स्वतंत्र खोली सजवताना थोडा अतिरेक केला तर तो समजून घेता येतो. माझा मुलगा वाढला तो वसाहतीतल्या घरात. तेथे भिंतीला खिळा ठोकायलाही परवानगी लागे. त्याच्या रॉकेटचे मूळ मला ठाऊक आहे.

आपल्या बालपणीची उणीव मुलाच्या भिंतीवर भरून काढणे हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. फक्त तो हिशेब आपला आहे, मुलाचा नाही, एवढे भान राहावे. ते सुटले की आपण मुलाच्या नावाने आग्रह धरू लागतो. ‘तिला आवडेल’ या दोन शब्दांआड घरात किती जणांच्या इच्छा लपतात, हे त्या काही आठवड्यांत मी पाहिले.

गुलाबी रंगाचा आग्रह तर याहून दुरून आलेला आहे. मुलींना गुलाबी आणि मुलांना निळा ही विभागणी निसर्गाने केली असावी अशा खात्रीने लोक बोलतात. प्रत्यक्षात ती शंभर वर्षांइतकीही स्थिर नाही. अमेरिकेतल्या बालवस्त्रांच्या व्यवसायाला वाहिलेल्या एका नियतकालिकाने १९१८ मध्ये नेमका उलटा सल्ला दिला होता: गुलाबी हा अधिक ठसठशीत, म्हणून मुलग्यांचा, निळा अधिक नाजूक, म्हणून मुलींचा. जो पाओलेट्टी या वस्त्रेतिहासाच्या अभ्यासक विदुषीने या उलथापालथीवर २०१२ मध्ये एक ग्रंथच लिहिला आहे. आज दिसणारी वाटणी विसाव्या शतकाच्या मध्यानंतर हळूहळू पक्की झाली. पुढे खेळणी, कपडे आणि रंग यांच्या बाजाराने तिला असे काही रूप दिले की ती सनातन वाटू लागली.

आपल्याकडे तान्ह्या मुलाला मुद्दाम नवे वस्त्र न घालता जुन्या धोतराची किंवा लुगड्याची मऊ झबली-लंगोटी घालत. त्यात रंगाचा विचार नव्हता, कापडाच्या मऊपणाचा होता. ज्या काळ्या रंगाला मंगलकार्यात मज्जाव, तोच काळा रंग बोरन्हाणाच्या दिवशी हलव्याच्या दागिन्यांसह बालकाला आवर्जून घालतात, आणि एरवी मनगटावर काळे मणी असतातच. रंगाला स्वतःचे भाग्य नसते. ते त्याला समाज देतो आणि काही पिढ्यांनी काढूनही घेतो. हे एकदा पटले की नातीच्या खोलीत गुलाबी लावण्याचा आग्रह जसा उरत नाही, तसा गुलाबी मुळीच न लावण्याचा अभिमानही उरत नाही. हा दुसरा आग्रह अलीकडे सुशिक्षित घरांत वाढतो आहे, आणि त्याच्याही मुळाशी बहुधा मोठ्यांचीच प्रतिमा असते.

आता रंगविक्रेत्यांच्या पुस्तिकांत एक नवी भाषा आली आहे. निळ्याने मन शांत होते, पिवळ्याने बुद्धी तल्लख होते, हिरव्याने एकाग्रता वाढते, अशी वाक्ये तेथे औषधांच्या गुणधर्मांसारखी छापलेली असतात. या प्रकारच्या दाव्यांचा सर्वांत प्रसिद्ध इतिहास एका तुरुंगातला आहे. १९७९ मध्ये सिएटल येथील नौदलाच्या बंदीगृहात एक कोठडी विशिष्ट गुलाबी रंगाने रंगवण्यात आली, आणि कैद्यांची आक्रमकता त्यामुळे ओसरते, असे जाहीर झाले. बंदीगृहाच्या दोन अधिकाऱ्यांच्या नावांवरून त्या रंगाला ‘बेकर-मिलर पिंक’ म्हणू लागले, आणि इतर अनेक ठिकाणी त्याचे अनुकरण झाले. पुढे काटेकोर पद्धतीने केलेल्या प्रयोगांत तो परिणाम सिद्ध झाला नाही. रंगाचा मनावर काहीच प्रभाव पडत नाही, असे मी म्हणत नाही. गडद रंगाची बुटकी खोली मलाही नकोशी होते. परंतु चार लिटरच्या डब्यातून बुद्धिमत्ता घरी नेता येत नाही, एवढे म्हणायला मोठ्या विद्वत्तेची गरज नाही.

मुलाच्या दृष्टीला खरोखर काय हवे असते, याविषयी जे निश्चित कळले आहे ते साधे आहे. नवजात अर्भकाला हातभर अंतरापलीकडचे स्पष्ट दिसत नाही. त्याला ठळक उजेड-अंधाराचा भेद आधी कळतो, आणि पहिल्या चार-पाच महिन्यांत रंगदृष्टी बरीचशी आकाराला येते. दोन वर्षांचे मूल रंग उत्तम पाहते. त्यांची नावे मात्र ते गोंधळाने घेते. चार्ल्स डार्विनने १८७७ मध्ये नमूद करून ठेवले आहे की, आपल्या मुलांना रंगांची नावे बरोबर सांगता येत नसल्याने ती रंगांध असावीत, अशी शंका त्याला आली होती. ती शंका निराधार ठरली. जपानी संशोधक योइची सुगिता यांचा २००४ मधला एक प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. त्यांनी माकडाची पिल्ले जवळजवळ वर्षभर अशा खोलीत वाढवली, जेथे एका वेळी एकाच तरंगलांबीचा प्रकाश असे. पिल्ले रंगांतला भेद करायला शिकली; परंतु प्रकाश बदलला तरी वस्तूचा रंग तोच आहे, हे ओळखण्याची जी क्षमता आपण जन्मजात समजतो, ती त्यांच्यात नीट विकसित झाली नाही आणि नंतरही आली नाही. सकाळचा, दुपारचा, ढगाळ दिवसाचा, संध्याकाळचा असा बदलता नैसर्गिक उजेड पाहतच दृष्टी घडते. खिडकीशी उंच कपाट उभे करून मागच्या भिंतीवर इंद्रधनुष्य रंगवणारे पालक मी पाहिले आहेत. त्यांच्या हेतूविषयी शंका नाही. पण त्या कपाटाची जागा बदलणे हे त्या चित्रापेक्षा मोठे काम होते.

रंगाचा जो भाग डोळ्यांना दिसतो, त्याविषयी इतके पुरे. माझ्या व्यवसायाने मला त्याचा न दिसणारा भाग अधिक जवळून दाखवला आहे.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लहान मुलांमध्ये शिशाच्या विषबाधेचे रुग्ण वारंवार आढळू लागले. विष येते कोठून, हे कळत नव्हते. लॉकहार्ट गिब्सन या नेत्रवैद्याने १९०४ मध्ये आपला निष्कर्ष मांडला: घरांच्या व्हरांड्यांचे कठडे आणि खोल्यांच्या भिंती हे त्याचे उगमस्थान आहे. उन्हाने रंगाची भुकटी होते, मुले कठड्याला धरून उभी राहतात, आणि मग तेच हात तोंडात जातात. नखे खाणारी, अंगठा चोखणारी मुले अधिक बाधित होती. त्याच्या म्हणण्याला सहजासहजी मान्यता मिळाली नाही. १९२२ मध्ये, ब्रिस्बेन ज्या राज्यात आहे त्या क्वीन्सलंडने मुलांचा हात पोहोचेल अशा बाह्यभागांवर शिशाचा रंग लावण्यास कायद्याने मनाई केली, तोवर मधली अठरा वर्षे गेली होती. अमेरिकेने घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी घातली. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशाला दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये अधिसूचित झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले.

या तारखा मी विस्ताराने सांगतो आहे, कारण आपल्या घरांचे वय त्यांवरूनच मोजावे लागते. २०१७ पूर्वी रंगवलेल्या दारे-खिडक्यांवर, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या तेली रंगांच्या थरांत शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. वरून नवा, सुरक्षित म्हणून विकला जाणारा रंग दिला तरी खालचे थर जागचे हलत नाहीत. सर्वांत मोठा धोका उद्भवतो तो नव्या रंगासाठी जुना रंग खरवडताना. त्या वेळी जी बारीक धूळ उडते, ती जमिनीवर, खेळण्यांवर, गादीवर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातांना लागते. गिळलेल्या शिशाचे शोषण लहान मुलाच्या शरीरात मोठ्यांच्या मानाने चार ते पाच पट अधिक होते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही. ते मेंदूच्या वाढीत अडथळा आणते, आणि कॅल्शियमसारखे वागत हाडांत जाऊन तेथे कित्येक दशके राहते.

मूल ही खोली विसरणार आहे, असे मी आरंभी म्हटले. ते स्मृतीपुरते खरे आहे. शरीराचा संग्रह वेगळा असतो. गालिचा, पडदे, भिंतीवरचा हत्ती यांतले काहीही न उरता त्या खोलीतली एखादी मुळीच न दिसणारी गोष्ट मुलाच्या हाडांत उरू शकते. आपण ज्या गोष्टींवर आठवडेच्या आठवडे चर्चा करतो त्यांचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे असते. ज्यांच्याविषयी दुकानात एक प्रश्नही विचारत नाही, त्यांचे आयुष्य मात्र मुलाच्या आयुष्याइतके असू शकते. पालकत्वाच्या बहुतेक कर्तव्यांची वाटणी अशीच विषम आहे, असे मला वाटते. मुलाचे बारसे सर्वांना दिसते. त्याच्या लसीकरणाची नोंद एका मळक्या पुस्तिकेत असते.

आमच्याकडे आलेला रंगारी जालना जिल्ह्यातला होता. कामात तो निष्णात होता. लांबी भरण्यात त्याचा हात इतका साफ की घासायला फारसे उरतच नसे. दारांच्या चौकटी आणि खिडक्यांचे गज पाणी मारून, ओले ठेवून घासावेत, कोरड्या पॉलिश पेपरने नव्हे, असे मी सांगितले तेव्हा तो म्हणाला, “काका, असं केलं तर एका दिवसाचं काम दोन दिवसांवर जातं.” दुसऱ्या दिवसाची मजुरी आम्ही मान्य केली. काम संपेपर्यंत नात तिच्या आजोळी राहील, हेही ठरले. या सर्वांत आमच्या बाजूची व्यवस्था चोख झाली, आणि तेथेच मला पुढचा प्रश्न दिसला. त्यालाही दोन-अडीच वर्षांचा मुलगा होता. दिवसभर जे सदरे घालून तो घासकाम करीत असे, ते संध्याकाळी जेवणाच्या डब्याच्याच पिशवीत कोंबून तो घरी नेत असे. आमच्या नातीला आम्ही धुळीपासून दूर ठेवले होते. ती धूळ कामगाराच्या कपड्यांतून दुसऱ्या एका मुलाकडे चालली होती.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२१ मध्ये पांढऱ्या शिशाच्या वापराविषयी जो करार केला, तो रंगाऱ्यांसाठी होता, ही गोष्ट आता फारशी कोणाला आठवत नाही. रंगातल्या विषाची चर्चा आज होते ती प्रामुख्याने ग्राहकाच्या मुलाच्या संदर्भात. भिंतीला रंग देणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांचा आणि त्याच्या घरातल्या मुलांचा विषय त्यातून अलगद गळून गेला. आम्ही त्याला कामाचे कपडे येथेच ठेवायला, धुऊन घ्यायला आणि हात साबणाने धुऊन मगच निघायला सुचवले. मुखपट्टी आणून दिली. ती तो उकाड्यामुळे बहुतेक वेळ गळ्यातच अडकवत असे. कपडे मात्र त्याने येथे ठेवायला सुरुवात केली. त्याच्या पुढच्या कामावर ही सोय असेल, असे मानायला आधार नाही.

ओलीची हकिकत थोडक्यात सांगण्याजोगी आहे. पश्चिमेच्या भिंतीतून पावसाचे पाणी झिरपत होते आणि आतल्या गिलाव्याला लोणा लागला होता. अशा भिंतीवर रंग देणे म्हणजे दोन पावसाळ्यांत पोपडे आणि बुरशी यांना आमंत्रण देणे. आणि बुरशीचे कण लहान मुलाच्या श्वासनलिकेला सोसत नाहीत. बाहेरचे तडे भरून, भिंत सुकू देऊन मग लांबी, प्रायमर आणि रंगाचे दोन हात द्यायचे, तर बराच विलंब होणार होता. तोवर नातीचा वाढदिवस उलटून जाणार होता. माझ्या मुलाला तो विलंब मानवला नाही. पाहुणे येतील तेव्हा खोली तयार असावी, ही त्याची इच्छा मी समजू शकत होतो. परंतु भिंत सुकण्याला तिचा स्वतःचा काळ लागतो आणि तो घरातल्या समारंभांशी जुळवून घेत नाही. वाढदिवस बाहेरच्या दिवाणखान्यात झाला, खोलीचे दार लोटलेलेच राहिले, आणि कोणाचे काही अडले नाही.

रंग देऊन झाल्यावरही खिडक्या उघड्या ठेवून खोली बरेच दिवस रिकामी ठेवली. ‘वास येत नाही’ असे लिहिलेला रंग आणि हवेत विरणारी रसायने कमीत कमी असलेला रंग या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. डब्यावर दुसरी गोष्ट शोधावी. कपाट भिंतीत पक्के आवळून घ्यावे, कारण दोन वर्षांचे मूल खणांच्या पायऱ्या करून वर चढते. पडद्यांना लोंबती दोरी नसावी. हे सांगताना मी सजावटीच्या विषयापासून दूर गेलो, असे वाचकांना वाटेल. माझ्या मते मी आत्ताच कोठे त्या विषयात शिरलो आहे.

भिंतीवर काय असावे, याविषयी सर्वांत मोलाचे विचार मला अलंकरणाच्या पुस्तकांत न सापडता बालशिक्षणाच्या इतिहासात सापडले. मारिया माँटेसोरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. तेथली टेबले, खुर्च्या आणि कपाटे मुलांच्या मापाची होती, त्यांना स्वतः हलवता येतील इतकी हलकी. आपल्याकडे मात्र आजही मुलाच्या खोलीतली चित्रे मोठ्यांच्या डोळ्यांच्या रेषेत लागतात. खोलीच्या दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्याला ती छान दिसतात. मुलाला हत्तीचे पाय दिसतात.

ताराबाई मोडकांनी माँटेसोरींच्या या विचाराला येथील मातीत रुजवले. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी जे काम उभे केले, त्यात सजवलेल्या भिंतीच नव्हत्या. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात न्यावी. ती गुरे राखायला जातात, तर कुरणातच शाळा भरवावी. बिया, शिंपले, पाने, खडे हेच तेथले शिक्षणसाहित्य. साधनांच्या अभावातून ही पद्धत आली हे खरे. पण मुलाला हाताळण्याजोगी, उचलून दुसरीकडे ठेवण्याजोगी वस्तू ही त्याने नुसत्या पाहण्याच्या वस्तूपेक्षा अधिक मोलाची, हे तत्त्व त्या अभावावर अवलंबून नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या अ‍ॅना फिशर, कॅरी गॉडविन आणि त्यांच्या सहकाऱ्याचे २०१४ मधले संशोधन याच दिशेने जाते. भरगच्च सजवलेल्या वर्गात बालवाडीतल्या मुलांचे पाठाकडे लक्ष नसण्याचा काळ सुमारे ३९ टक्के होता. भिंती मोकळ्या असताना तो सुमारे २८ टक्क्यांवर आला, आणि मुले शिकलीही अधिक. अभ्यास लहान होता आणि तो वर्गाविषयी होता. तरीही रिक्त जागा म्हणजे पालकांचा आळस नव्हे, इतका दिलासा त्यातून घ्यायला हरकत नाही.

कोसबाडच्या परिसरातच वारली घरांच्या कुडांवर लग्नप्रसंगी चौक लिहिण्याची परंपरा आहे. शेण-गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूच्या काडीचा कुंचला, मध्यभागी पालघाट देवी. आणि हे काम सवाष्णींचे. चित्राला प्रसंग होता. प्रसंग सरला, भिंत पुन्हा सारवली, की चित्र गेले. जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकापासून ही कला कागदावर आणि कापडावर आणून जगापुढे ठेवली आणि तिला कायमचे स्थान मिळवून दिले. आज त्याच आकृत्यांचे स्टिकर मुलांच्या खोल्यांसाठी गुंडाळ्यांत मिळतात. सूनबाईंनी एक आणलेही होते. मला त्यात अपवित्र काही वाटत नाही. फक्त त्या भिंतींची पुन्हा कोरी होण्याची जी सवय होती, ती या स्टिकरात नाही.

आमच्याकडे पाचवीच्या रात्री सटवाईसाठी पाट्यावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. बालकाचे भाग्य ती लिहिते, अशी श्रद्धा आहे. तो कागद घरातले कोणी भरत नाही. श्रद्धा बाजूला ठेवली तरी त्या आचारातला संयम मला मान्य आहे. हेच घर दोन वर्षांनी मुलाच्या चारही भिंती ग्रहगोलांनी, अक्षरांनी, सुविचारांनी भरून टाकते, तेव्हा तो संयम कोठे जातो, हे मला कळत नाही.

अखेर खोलीला उबदार पांढरा रंग दिला. त्यात सूनबाईंचा हिरवा आहे, पण इतका थोडा की सकाळी दिसतो आणि संध्याकाळी दिसत नाही. चार भिंती एकमेकींवर आपला रंग टाकतात, त्यामुळे शेडकार्डावरच्या चौकोनापेक्षा खोलीत रंग नेहमीच गडद वाटतो. म्हणून एक पायरी फिकट छटा घेतली. जमिनीपासून मुलीच्या हाताच्या उंचीपर्यंतचा पट्टा पुसता येईल अशा रंगाचा ठेवला आहे. त्यावर काहीही चिकटवायचे नाही, असे ठरले. नातीने तेथे पहिल्याच आठवड्यात खडूने ज्या रेघोट्या ओढल्या, त्यांना कोणी गाय म्हणते, कोणी पाऊस. ती स्वतः दर वेळी निराळे नाव सांगते.

रात्री ती अजून त्या खोलीत झोपत नाही. आईवडिलांच्या मध्येच झोपते, आणि आपल्याकडच्या बहुतेक घरांप्रमाणे ते बदलण्याची कोणाला घाई नाही. जेव्हा झोपेल तेव्हासाठी मंद, पिवळसर दिवा लावला आहे, कारण झोपेआधीचा प्रखर उजेड लहान मुलांची झोप मोठ्यांपेक्षा अधिक पुढे ढकलतो. तोवर दुपारी ती तेथे बाहुल्या निजवते, आणि त्यांच्या अंगावर माझा टॉवेल असतो.

मुलाच्या रॉकेटविषयी मात्र तडजोड झाली. तारे आणि ग्रह त्याला छतावर लावू दिले आहेत. छतावर हात पोहोचत नाही, दात तर मुळीच पोहोचत नाहीत. शिवाय दुपारी लेकीशेजारी गालिच्यावर आडवा पडून ते पाहणारा घरात सध्या तो एकटाच आहे.